डिस्पॅचच्या टेबलावरची वही : संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
कंपन्यांचे सर्व संचालक आणि वरिष्ठ अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

गेली १९ वर्षं मी कंपन्यांमध्ये संगणक प्रणाली बसवण्याचं काम करते. ऑर्डर येण्यापासून माल निघेपर्यंत आणि बिलाचे पैसे जमा होईपर्यंतचा सगळा व्यवहार एका सिस्टिममध्ये आणायचा, लोकांना तो शिकवायचा आणि गो-लाइव्हनंतरचे, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यांच्या शेजारी बसून अडलेलं निस्तरायचं, हा माझा व्यवसाय. तुमच्या बैठकांमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : "आपले स्पर्धक काय वापरतात?" मी सांगते. मग तेच घेतलं जातं, जमलं तर एखादं मॉड्यूल जास्त. दोन वर्षांनी त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती दुसरा प्रश्न येतो : एवढा खर्च केला, मग आपण पुढे का गेलो नाही?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला बैठकीत कधी नीट देता आलं नाही. तिथे वीस मिनिटं मिळतात आणि त्यातली पंधरा आलेखांत जातात. आता पुन्हा नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे दिवस आहेत आणि या खेपेला प्रत्येक कागदावर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एक भलीमोठी रक्कम लिहिलेली दिसते आहे. सह्या होण्याआधी सांगावं, म्हणून हे पत्र.

एका कंपनीतली गोष्ट आधी सांगते. तिथे डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल पाठवणाऱ्या खात्यात, एक ताई होत्या, बावीस वर्षं त्याच टेबलावर. कीबोर्डच्या डाव्या हाताला त्यांची एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असायची. कोपरे झिजलेले, भोवती रबरबँड. सिस्टिममध्ये एंट्री झाली की त्या वही उघडायच्या, बोटानं ओळ शोधायच्या आणि मगच गाडी लावायला सांगायच्या. प्रशिक्षणात मी त्यांना दोनदा म्हटलं, "ताई, आता वहीची गरज नाही, सगळं स्क्रीनवर आहे." त्यांनी मान डोलावली आणि वही खणात ठेवली. माझी पाठ वळली की ती पुन्हा टेबलावर यायची, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तिसऱ्या महिन्यात ताई आठ दिवस रजेवर गेल्या आणि माल परत यायला लागला. गाडी वेळेत निघालेली, बिल बरोबर, पत्ता बरोबर. पण एका ग्राहकाकडे दुपारी दोननंतर माल उतरवायला माणसं नसतात. दुसऱ्याच्या गोदामाचं शटर बुटकं, तिथे उंच रचलेलं पॅलेट (माल ठेवायची लाकडी फळी) आत जात नाही. तिसरा आठवड्याच्या शेवटी दिलेली ऑर्डर पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला हमखास बदलतो, म्हणून त्याची गाडी फोन केल्याशिवाय भरायची नाही. हे सगळं वहीत होतं. आमच्या सिस्टिममध्ये 'शेरा' नावाचा चाळीस अक्षरांचा रकाना होता. तो भरणं सक्तीचं नव्हतं, म्हणून स्क्रीन सुटसुटीत दिसावी यासाठी मीच तो आतल्या पानावर ढकलला होता.

ती चूक माझी होती आणि मी ती विसरलेले नाही. त्या कंपनीच्या दोन स्पर्धकांकडे हीच सिस्टिम होती, हाच रिपोर्ट, हाच डॅशबोर्ड. तरी ग्राहक हिच्याकडे टिकून होते, कारण हिचा माल दारातून परत फिरत नसे. कंपनी ज्या गोष्टीमुळे पुढे होती ती त्या वहीत होती, आणि डिजिटल होण्याच्या नावाखाली आम्ही नेमकी तीच मोडीत काढायला निघालो होतो.

असं पहिल्यांदा घडलेलं नाही. विजेच्या बाबतीत हेच झालं होतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. तरी १९०० च्या सुमाराला अमेरिकेतल्या कारखान्यांच्या एकूण यंत्रशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये एका शोधनिबंधात याची कारणं मांडली, आणि माझ्या व्यवसायाबद्दल मला जे कळलं आहे त्यातलं बरंचसं मी तिथून शिकले.

वाफेवर चालणारा कारखाना कसा असायचा ते डोळ्यांपुढे आणा. एक मोठं इंजिन. त्याला जोडलेला, छताखालून इमारतभर गेलेला लांबच लांब लोखंडी दांडा. दांड्यावर चाकं, चाकांवरून खाली उतरलेले पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक यंत्र. एकच यंत्र चालवायचं असलं तरी अख्खा दांडा फिरवावा लागे. दांडा जिथे पोचेल तिथे यंत्र ठेवायचं, मग कामाचा क्रम काहीही असो. शक्ती फार लांब नेता येत नसे, म्हणून इमारती मजल्यांवर मजले चढवून बांधलेल्या. वीज आल्यावर बहुतेक मालकांनी काय केलं? इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी विजेची मोटार बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, मजलेही तेच. कोळशाचे थोडे पैसे वाचले, बाकी काही बदललं नाही. प्रत्येक यंत्राला त्याची स्वतःची छोटी मोटार लावता येते, मग दांड्याची गरजच उरत नाही, मग यंत्रं कामाच्या क्रमानं मांडता येतात आणि कारखाना एकमजली, मोकळा, उजेडाचा बांधता येतो, हे अंगवळणी पडायला दोन पिढ्या गेल्या. उत्पादकतेची मोठी उडी दिसली ती १९२० च्या दशकात.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लिहिलं होतं की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. डेव्हिड यांचा निबंध त्या कोड्याला दिलेलं उत्तरच होता. तुमच्या कंपन्यांमध्ये फिरताना मला तो छताखालचा दांडा अजूनही जागोजागी फिरताना दिसतो. कागदाच्या काळात तीन सह्या लागायच्या, म्हणून सिस्टिममध्येही तीन 'अप्रूव्हल'. त्या तीन माणसांपैकी दोघं न वाचता बटण दाबतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ग्राहकाचा फोन एका खात्याकडे, त्याचं बिल दुसऱ्याकडे, त्याची तक्रार तिसऱ्याकडे. तिघांकडे तीन स्क्रीन, आणि ग्राहकाला आपली कहाणी तीनदा सांगावी लागते. पूर्वी हे सगळं सावकाश व्हायचं, आता झटपट होतं. एवढाच फरक पडणार असेल तर तो स्पर्धकालाही पडतो, कारण मोटार त्यानंही घेतलेली असते.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर १९९६ पासून हेच सांगत आले. सगळ्यांनी तीच कामं थोड्या जास्त कार्यक्षमतेनं केली तर कुणाचंच वेगळेपण उरत नाही, आणि फायदा शेवटी ग्राहकाच्या आणि पुरवठादाराच्या खिशात जातो. तंत्रज्ञानावर लिहिणारे निकोलस कार यांनी २००३ मध्ये त्याहून कडक भाषेत लिहिलं : वीज आणि रेल्वेसारखं माहिती तंत्रज्ञानही सर्वांना मिळतं, म्हणून त्यातून आघाडी मिळत नाही. अवजारापुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं. अवजार हाती आल्यावर जे नवं काम उभं राहू शकतं, त्याला मात्र त्यांनी फार कमी लेखलं असं मला वाटतं. ते कसं, हे एका विमान कंपनीच्या उदाहरणावरून सांगते.

अमेरिकन एअरलाइन्सकडे १९५० च्या दशकात आरक्षण कार्डांवर चालायचं. एका गोल, फिरत्या मांडणीभोवती कारकून बसायचे आणि फ्लाइटचं कार्ड काढून त्यावर खूण करायचे. एका परीनं ती ताईंची वहीच. १९५३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे ब्लेअर स्मिथ हे दोघं योगायोगानं एकाच विमानात शेजारी बसले, बोलणं निघालं, आणि त्यातून पुढे सेबर ही संगणकीकृत आरक्षण प्रणाली उभी राहिली. ती पूर्णपणे सुरू व्हायला १९६४ उजाडलं. १९७६ पासून कंपनीनं सेबरचे टर्मिनल ट्रॅव्हल एजंटांच्या कार्यालयांत बसवायला सुरुवात केली.

इथून पुढे कंपनीला दोन वेगवेगळे फायदे झाले, आणि त्यांच्यातला फरक तुम्ही समजून घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. पहिला फायदा स्क्रीनचा. एजंट पहिल्या स्क्रीनवर दिसेल तेच बहुधा विकतो, म्हणून स्वतःच्या फ्लाइट वरच्या ओळींत दाखवल्या जायच्या. पैसे मिळाले, पण बाकीच्या कंपन्यांनी ओरड केली आणि १९८४ मध्ये अमेरिकी सरकारी नियमानं ही पक्षपाती मांडणी बंद केली. ग्राहकाची वाट अडवून मिळवलेली आघाडी ही अशी दुसऱ्याच्या एका सहीनं जाते.

दुसरा फायदा सावकाश पिकला. कोणती सीट किती दिवस आधी विकली जाते, कोण शेवटच्या क्षणी येतो, कोण तिकीट काढून येतच नाही, याचा वर्षानुवर्षांचा हिशेब कंपनीकडे साठत गेला. १९८१ मध्ये पीपल एक्स्प्रेस ही अतिशय स्वस्त विमानसेवा सुरू झाली. तिचा खर्चच इतका कमी होता की जुन्या कंपन्यांना तिच्या दराला सगळी विमानं उडवणं परवडलंच नसतं. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं तिच्या तोडीचे दर जाहीर केले, पण मोजक्याच सीटांवर आणि आधी तिकीट काढणाऱ्यांसाठी. एरवी रिकाम्या गेल्या असत्या अशा किती सीटा स्वस्तात सोडायच्या आणि ऐनवेळी येणाऱ्या, पूर्ण भाडं देणाऱ्या प्रवाशासाठी किती राखायच्या, हे तिला फ्लाइटगणिक ठरवता येत होतं. पीपल एक्स्प्रेसकडे ती सोय नव्हती. १९८६ मध्ये ती विकली गेली आणि १९८७ च्या सुरुवातीला तिचं नाव आकाशातून पुसलं गेलं.

संगणक कुणालाही विकत घेता आला असता. वीस वर्षांचा स्वतःच्या ग्राहकांचा हिशेब, तो वाचायला शिकलेली माणसं आणि त्या हिशेबावर रोज सकाळी दर बदलायची मोकळीक, हे बाजारात मिळत नव्हतं. तुमच्याकडेही असा हिशेब साठतो आहे. तो कुठे आहे, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. तक्रार केंद्रातल्या स्क्रीनवर तक्रारीचं कारण निवडायची यादी असते आणि तिच्या तळाशी 'इतर' असा पर्याय असतो. मी जिथे जिथे ती आकडेवारी पाहिली तिथे 'इतर' सगळ्यात वर होतं. फोन उचलणाऱ्या मुलीला प्रत्येक कॉलसाठी ठरावीक मिनिटं दिलेली असतात, यादी लांबलचक असते, ती 'इतर' निवडते आणि पुढचा फोन घेते. ग्राहक नाराज का झाला हे तिला कळलेलं असतं, तुमच्या डेटाबेसला कळलेलं नसतं. मग त्याच डेटाबेसवर महागडं विश्लेषण बसवलं जातं. तिच्या वेळेत प्रत्येक कॉलमागे एक मिनिट वाढवलं, तर त्या विश्लेषणातून मिळेल त्याहून जास्त तुमच्या हाती लागेल.

हिशेबाच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न निर्णयाचा. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रावर काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं जाहिरातींचे मथळे जरा वेगळ्या पद्धतीनं दाखवायची कल्पना सुचवली. शेकडो सूचनांपैकी ती एक. वरिष्ठांना त्यात दम वाटला नाही आणि ती सहा महिन्यांहून जास्त काळ पडून राहिली. शेवटी एका इंजिनिअरला वाटलं की कोड लिहायला फार वेळ लागणार नाही, करून बघू. काही वापरकर्त्यांना जुनी मांडणी, काहींना नवी. काही तासांत उत्पन्न इतकं वाढलं की काहीतरी बिघडलंय असा इशारा देणारी यंत्रणाच वाजली. बिघडलेलं काही नव्हतं. महसूल १२ टक्क्यांनी वाढला होता, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक.

ही गोष्ट सांगितली की बैठकीत सगळे त्या १० कोटींकडे बघतात. मी तुम्हाला त्या सहा महिन्यांकडे बघायला सांगते. त्याच कंपनीचा अनुभव असा की तपासून पाहिलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश उपयोगी ठरतात, एक तृतीयांशानं काही फरक पडत नाही आणि उरलेल्या चक्क नुकसान करतात. ज्यांचा सगळा व्यवसायच सॉफ्टवेअरचा, त्यांचे अंदाज इतक्या वेळा चुकतात. मग बंद खोलीत, मोठ्या टेबलाशी, अनुभवाच्या जोरावर ठरवलेले आपले अंदाज किती बरोबर येत असतील? ग्राहकाला विचारण्याचा, म्हणजे छोटा बदल थोड्या लोकांपुढे ठेवून मोजण्याचा खर्च या काळाइतका कधीच कमी नव्हता. तरी आमच्याकडे बटणाचा रंग बदलायलाही वरून मंजुरी लागते आणि मंजुरी मिळाली की तो बदल एकदम सगळ्यांसाठी लागू होतो, न मोजता. दोन्ही टोकं धोक्याचीच.

दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर धंदा करणाऱ्यांना एवढंच सांगेन की ग्राहक तुम्हाला ओळखतो की त्या ॲपला, हे एकदा तपासा. झिंगा ही गेम बनवणारी कंपनी डिसेंबर २०११ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिचं जवळपास सगळं उत्पन्न फेसबुकमधून येत होतं, आणि पुढच्याच वर्षी तिचे दिवस पालटले. अशा बाजारपेठेत जरूर विका. पण खोक्यावर तुमचा पत्ता असू द्या, दुरुस्तीचा फोन तुमच्याकडे येऊ द्या, आणि आलेला फोन उचला.

आता एक मागणी, जी ऐकायला कुणालाच आवडत नाही. जुनं काढून टाकण्यासाठी पैसे मंजूर करा. नव्यासाठी तुम्ही उदार असता, जुनं स्वच्छ करण्याच्या प्रस्तावावर मात्र "यातून काय मिळणार" असं विचारता. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाली कंपनी वेगासाठी नावाजलेली होती. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी तिनं नवं सॉफ्टवेअर सुरू केलं. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. त्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला पण कधी न काढलेला जुना कोड तसाच होता, आणि त्याला जागं करणारी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली होती. जुना कोड जागा झाला आणि न थांबता शेअर घेत-विकत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. पुढच्या वर्षी ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. वेग हीच जिची आघाडी होती, तिचा घात त्याच वेगानं केला, कारण नऊ वर्षं कुणी अडगळ साफ केली नव्हती. तुमच्या सर्व्हरवर काय काय झोपलेलं आहे हे तुमच्या तंत्रज्ञांना माहीत असतं. त्यांना विचारलंत तर ते सांगतील. वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. ही मोटार पूर्वीच्या सगळ्या मोटारींपेक्षा जोरदार आहे, यात शंका नाही. पण भाषा समजणारी ही मॉडेल्स तुम्हाला जशी भाड्यानं मिळतात तशीच स्पर्धकालाही मिळतात, त्याच दिवशी आणि त्याच दरात. पत्रं लिहून घेतलीत तर तोही लिहून घेईल. तुमच्याकडचं मॉडेल त्याच्याहून शहाणं ठरेल ते फक्त त्याला वाचायला दिलेल्या मजकुरामुळे : बुटक्या शटरचा ग्राहक, दुपारी दोनची वेळ, 'इतर' खाली गाडलेल्या तक्रारी, कोणत्या सौद्यात आपण का हरलो याची प्रामाणिक नोंद. माझी भीती अशी आहे की या खर्चाचं समर्थन करण्यासाठी तुम्ही आधी माणसं कमी कराल, आणि कमी होणाऱ्यांत वही ठेवणारी माणसं पहिली असतील. त्यांचं काम कागदावर 'डेटा एंट्री' असंच लिहिलेलं असतं.

त्या कंपनीत पुढे काय झालं ते सांगते. ताई रजेवरून आल्यावर मी त्यांची माफी मागितली. मग आम्ही दोन दिवस एकत्र बसलो. त्या एकेक ओळ वाचायच्या, मी विचारायचे, हे कशावरून कळलं, हे किती जुनं, हे अजून खरं आहे का. पुष्कळशा नोंदींसाठी आम्ही नवे रकाने केले : उतरवायची वेळ, पॅलेटची उंची, भरण्याआधी फोन हवा की नको. ते भरल्याशिवाय गाडी लागणार नाही, असं केलं. काही ओळी मात्र त्यांनी टाकू दिल्या नाहीत. एका ग्राहकाच्या नावापुढे फक्त एक टिंब होतं. ते काय, असं विचारल्यावर म्हणाल्या, "यांच्याकडे पैशाची ओढाताण चालू आहे. हे सगळ्यांना दिसेल असं लिहायचं नसतं. हे साहेबांना मी जाऊन सांगते." मी विचारलं, साहेब ऐकतात का? त्या म्हणाल्या, "आधीचे ऐकायचे. आताचे साहेब खाली येत नाहीत."

अंदाजपत्रकावर सही करण्याआधी अर्धा दिवस काढा आणि खाली जा. डिस्पॅचला बसा, तक्रारींचे फोन ऐका. सोबत सल्लागार नेऊ नका, मलाही नेऊ नका. टेबलावर वही दिसली तर ती ज्यांची आहे त्यांच्याकडून परवानगी घेऊन उघडा, आणि पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा.

आपली विश्वासू,
कंपन्यांमध्ये संगणक प्रणाली बसवणारी एक